मशीन डेस्कटॉपवर येण्याआधीच बसते: फॉरमॅट मारण्याआधी काय पाहायचं

बटण दाबलं, कंपनीचा लोगो आला, ठिपके गोल फिरायला लागले आणि तिथूनच मशीन पुन्हा पहिल्यापासून. नाहीतर निळा पडदा. नाहीतर काळा पडदा आणि त्यावर नुसता माउसचा बाण. यवतमाळ-वाशीमकडच्या गावांतून माझ्या टेबलावर येणाऱ्या बऱ्याच कॅबिनेटची हीच तक्रार असते आणि आणणाऱ्यानं उपायही ठरवूनच आणलेला असतो: "विंडोज उडाली भाऊ, फॉरमॅट मारून दे." फॉरमॅट मारला, म्हणजे डिस्क पुसून विंडोज नव्यानं टाकली, की मशीन चालते. मग पीक विम्याची मुदत तोंडावर येते, सेवा केंद्रावर रांग लागते आणि नेमकी तेव्हाच पुन्हा बसते. फॉरमॅट मारूनही जो बिघाड फिरून फिरून येतो तो बहुतेक वेळा विंडोजच्या बाहेर असतो. खेड्यात तर तो आधी लाईनमध्ये शोधावा, मग कॅबिनेटमध्ये आणि विंडोजमध्ये सगळ्यात शेवटी.

कुठे बसते, केव्हा बसते

आधी मशीन नेमकी कुठे थांबते ते पाहा. लोगोही येत नाही, पंखा फिरतो, थांबतो, पुन्हा फिरतो, तर संशय एसएमपीएसवर, म्हणजे मशीनला वीज पुरवणाऱ्या डब्यावर, आणि रॅमवर, म्हणजे मेमरीच्या पट्टीवर. लोगो येतो पण ठिपके येत नाहीत, बूट डिव्हाइस सापडत नसल्याची पांढरी ओळ येते, तर डिस्क, तिची केबल किंवा बायोसची (विंडोजच्या आधी मशीन चालू करणाऱ्या, बोर्डातच असलेल्या प्रोग्रामची) सेटिंग. ठिपके फिरून मग निळा पडदा येत असेल तर रॅम, डिस्क, ड्रायव्हर (एखादा भाग किंवा यंत्र चालवणारं सॉफ्टवेअर), अपडेट यांपैकी काहीही असू शकतं. पासवर्ड घेतला आणि मग सगळं काळं झालं तर मशीन बहुतेक धड आहे. ग्राफिक्सचा ड्रायव्हर किंवा त्या यूजरचं खातं बिघडलंय.

केव्हा बसते याच्याकडे मात्र कोणी लक्षच देत नाही. रोज सकाळी पहिल्यांदाच बसते आणि मग दिवसभर चालते? फक्त सुटीनंतर बसते? भर दुपारी? शेतातले पंप सुरू झाले की? पावसाची झड लागली की? या प्रत्येक वेळेचं कारण वेगळं आहे आणि ते पडद्यावर लिहून येत नाही. केंद्राच्या रजिस्टरच्या मागच्या पानावर तारीख आणि वेळ टाकत जा. दुकानात आल्यावर मला त्याचा मशीनपेक्षा जास्त उपयोग होतो.

निळ्या पडद्यावर खाली 'स्टॉप कोड' म्हणून एक नाव येतं. त्याचा मोबाइलनं फोटो काढून ठेवा. विंडोज ११ मध्ये २०२५ च्या अपडेटनंतर हा पडदा निळ्याऐवजी काळा येतो. रंग नवा, दुखणं तेच. आणि विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअर नावाच्या नोंदवहीत 'कर्नल-पॉवर ४१' दिसला म्हणून लगेच एसएमपीएस बदलायला धावू नका. त्याचा अर्थ एवढाच की मागच्या वेळी मशीन नीट बंद झाली नव्हती. ते तुम्हाला आधीच माहीत होतं.

आधी लाईन

सॉकेटवर २३० व्होल्ट असायला हवेत. ज्या गावात गावठाण आणि शेती एकाच डीपीवर (ट्रान्सफॉर्मरवर) आहे, तिथं हरभऱ्या-गव्हाच्या ओलिताच्या दिवसांत पंप चालू झाले की ते १८० च्याही खाली बसतात. पूर्वी पिवळा बल्ब मंद व्हायचा आणि घरातल्या म्हातारीलाही कळायचं की व्होल्टेज गेलं. आता एलईडी दिवा कमी व्होल्टेजवरही तसाच जळत राहतो, म्हणून डोळ्यांना काही दिसत नाही. साधा मल्टिमीटर घ्या, एसीच्या मोठ्या रेंजवर ठेवा आणि मशीन बसते त्याच वेळी मोजा. सकाळी दहाला मोजून संध्याकाळचा बिघाड सापडत नाही.

कमी व्होल्टेजवर मशीन सुरू होते, लोगोही दाखवते. विंडोज चढायला लागली की प्रोसेसर, डिस्क आणि ग्राफिक्स एकदम ओढ घेतात. एसएमपीएस लेचापेचा असेल तर त्याची १२ व्होल्टची लाईन खाली बसते आणि मदरबोर्ड (सगळे भाग ज्यावर बसतात ती मुख्य पाटी) रिसेट होतो. पाहणाऱ्याला वाटतं, विंडोजच्या लोगोवर बसली म्हणजे विंडोजच खराब. १२ ची लाईन पाच टक्क्यांच्या आत, म्हणजे ११.४ ते १२.६ मध्ये राहायला हवी. रिकाम्या चार पिनांच्या कनेक्टरमध्ये पिवळ्यावर लाल पिन, काळ्यावर काळी, मीटर डीसीवर, आणि विंडोज चढत असताना आकडा पाहा. क्षणभराची घसरण साध्या मीटरला पकडता येत नाही, त्यामुळे ओळखीच्या दुकानातून चालू एसएमपीएस आणून लावून पाहणं ही खरी परीक्षा. एसएमपीएसचा डबा मात्र उघडू नका. प्लग काढल्यावरही आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये झटका देण्याइतकं व्होल्टेज काही वेळ राहतं.

सकाळी दोन-तीनदा बटण दाबलं की लागते आणि मग रात्रीपर्यंत कुरकुर नाही, ही थकलेल्या कपॅसिटरची चाल. थंडीत ते काम करत नाहीत, तापले की थोडे सावरतात. कॅबिनेटचं झाकण काढा आणि प्रोसेसरच्या बाजूला ओळीनं उभे असलेले छोटे डबे टॉर्च लावून पाहा. त्यांच्या माथ्यावर फुलीसारखी चीर कोरलेली असते. माथा सपाट असला तर ठीक. नखानं चाचपल्यावर उंचवटा लागला, किंवा चिरेतून तपकिरी काहीतरी येऊन वाळलेलं दिसलं, तर त्या बोर्डावर कितीही फॉरमॅट मारा, फरक पडणार नाही.

यूपीएसची बॅटरी मेलेली असेल तर यूपीएस असून नसल्यासारखा, उलट जास्तच वाईट. व्होल्टेज जरा घसरलं की तो बॅटरीवर जातो, बॅटरीत काही नसतं, आणि मशीन धाडकन बंद. त्या मशीनला तो यूपीएस काढूनच एकदा चालवून पाहा. घराच्या इन्व्हर्टरवर कॉम्प्युटर असेल तर मागच्या बाजूला यूपीएस आणि इको असं छोटं बटण असतं का पाहा. ते इकोवर असलं तर लाईन बदलायला इन्व्हर्टर जास्त वेळ घेतो. एसएमपीएस तेवढ्यात पूर्ण भारावर साधारण १६-१७ मिलीसेकंद तग धरतो.

आणि आर्थिंग. कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात, हे सेवा केंद्रांत इतकं सवयीचं झालंय की लोक चप्पल घालून काम करतात आणि विषय संपवतात. आर्थिंग नसली की एसएमपीएसच्या फिल्टरमधून कॅबिनेटवर मेन लाईनच्या जवळपास अर्धं व्होल्टेज येऊन बसतं. मग अंगठ्याचं मशीन मध्येच डिस्कनेक्ट होणं, यूएसबी लावताच रिस्टार्ट होणं हे सुरू होतं. उन्हाळ्यात आर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो. त्यात पाणी टाकत राहा. तीन पिनांच्या प्लगची जाड पिन मोडून दोन पिनांच्या बोर्डात घुसवलेली असेल तर आधी ते बदला.

सोमवारची मशीन

ज्या बिघाडापायी हे लिहायला बसलो तो आता.

एका ग्रामपंचायतीतून ऑपरेटर ताईंचा फोन यायचा, आणि तो नेमका सोमवारी. "दादा, शनवारी चांगली बंद करून गेली होती मी. आज पाह्यलं तं पुन्हा निळंच. सोमवार आला का हे सुरू होऊनच नाही राह्यली." मधल्या काळात कोणी तरी येऊन फॉरमॅट मारून जायचं, आठवडाभर मशीन चालायची, फॉरमॅटवाल्याचे पैसेही वसूल व्हायचे. स्टॉप कोड 'इनॲक्सेसिबल बूट डिव्हाइस'.

"ताई, शनिवारी निघताना मेन स्विच पाडता का?"

"हो तं. उंदरानं वायर कुरतडली होती ना मागं, तेव्हापासून पाडूनच जातो आम्ही."

एवढ्यावर निदान झालं. मदरबोर्डवर रुपयाएवढा गोल सेल असतो, सीआर २०३२ नावाचा, ३ व्होल्टचा. बायोसची घड्याळ आणि सेटिंग तो जपतो. मशीनला लाईन मिळत असेल तोवर, मशीन बंद असली तरी, सेलवर भार नसतो. एसएमपीएस बोर्डाला थोडी वीज देतच राहतो. म्हणून आठवडाभर मेलेल्या सेलवरही काही कळत नाही. रविवारी मेन स्विच पडलेला, सेल रिकामा, बायोस सगळं विसरतो आणि कारखान्यातल्या सेटिंगवर जातो. ज्या जुन्या बोर्डात कारखान्याची सेटिंग डिस्कसाठी 'आयडीई' (डिस्कशी बोलायची जुनी पद्धत) आहे आणि एसएसडी (चिपवाली नवी डिस्क) टाकताना कोणी ती 'एएचसीआय' (नवी पद्धत) करून विंडोज टाकली आहे, तिथं सोमवारी विंडोजला तिची स्वतःचीच डिस्क सापडत नाही. निळा पडदा.

आता गंमत पाहा. फॉरमॅट मारणारा काय करत होता? पेनड्राइव्हवरून बूट करायला बायोसमध्ये जायचा, सवयीप्रमाणे आयडीईचं एएचसीआय करायचा आणि मग विंडोज टाकायचा. मशीन त्या एका बदलानं सुरू झाली असती. पुढचे दोन तास फुकट, आणि पंचायतीचा जो काही डेटा डेस्कटॉपवर होता तो गेला.

खूण सोपी आहे. लोगोच्या वेळी डेस्कटॉप मशीनवर डिलीट, लॅपटॉपवर बहुतेक एफ २ दाबत राहा, बायोस उघडेल. तिथं तारीख बोर्डाच्या जन्माच्या आसपासची दिसत असेल तर सेल गेला. विंडोज सुरू होत असेल पण सरकारी पोर्टल एकही उघडत नसेल, ब्राउझर प्रत्येक साइट असुरक्षित म्हणत असेल, तरी आधी घड्याळ पाहा. घड्याळाच्या दुकानात मिळणारा नवा सेल अधिकाची बाजू वर ठेवून बसवा. जुना मीटरवर २.८ च्या खाली दिसला तर तो टाकूनच द्या. मग तारीख, वेळ, साटा मोड (आयडीई की एएचसीआय, तो हाच) आणि बूट मोड लावा, एफ १० नं सेव्ह करा. चालत्या मशीनच्या या दोन सेटिंगचा एकदा फोटो काढून कॅबिनेटच्या आत कागदावर लिहून चिकटवा. पुढच्या माणसाला, तो कोणीही असो, विचार करावा लागणार नाही.

नव्या बोर्डांत हाच प्रकार बूट मोडच्या जुन्या (लेगसी) आणि नव्या (यूईएफआय) पद्धतींत होतो. तिथं निळा पडदा येत नाही, बूट डिव्हाइसच नाही म्हणतो. लोक मग डिस्क बदलतात.

लॅपटॉपवाल्यांना एक सावधगिरी: बिटलॉकर (विंडोजचं डिस्कला लावायचं कुलूप) चालू असेल तर बायोसमध्ये हात घालण्याआधी ४८ आकडी रिकव्हरी की हाताशी आहे का पाहा. बहुधा ती ज्या मायक्रोसॉफ्ट खात्यानं लॅपटॉप सुरू केला त्या खात्यात असते. ते खातं दुकानदारानं स्वतःच्या नावानं काढून दिलेलं असेल तर आज त्याच्याकडे जा, बिघडल्यावर नाही.

ऊन, कापूस, कूलर

मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या वर जातो, त्यात टिनाचं छप्पर. प्रोसेसर १०० अंशांच्या आसपास पोचला की स्वतःला वाचवायला आधी वेग कमी करतो, आणि त्याहून तापला की बंद होतो. पंखा धड असेल तर डेस्कटॉपच्या आत एवढा तापत नाही. पण वेचलेला कापूस भावाची वाट पाहत ज्या घरात पडलेला असतो, त्याच घरात कॉम्प्युटर असतो. पंखा वरून स्वच्छ दिसतो. त्याचे स्क्रू काढून उचला, खाली ॲल्युमिनियमच्या पात्यांवर तंतू आणि धूळ मिळून एक पापुद्रा बसलेला असतो, तो अख्खाच्या अख्खा सोलून निघतो. ब्लोअर मारताना पंखा बोटानं धरून ठेवा, भरधाव फिरू देऊ नका. हीटसिंक काढलाच तर जुनी पेस्ट पुसून मुगाच्या दाण्याएवढी नवी थर्मल पेस्ट लावा. टूथपेस्ट लावून आणलेल्या मशीनही मी पाहिल्या आहेत; त्यावर काही बोलत नाही.

कूलरची हवा थेट कॅबिनेटवर सोडू नका. माणसाला ती गार लागते, बोर्डाला ओलसर. उन्हाळा संपता संपता आणि झडीच्या दिवसांत ज्या मशीन बीप-बीप करत येतात, त्यांतल्या बऱ्याच रॅमच्या पिनांवर चढलेल्या थरामुळे आलेल्या असतात. प्लग काढा, पॉवरचं बटण काही सेकंद दाबून उरलीसुरली वीज जाऊ द्या, पट्टी काढा, सोनेरी पिना पांढऱ्या खोडरबरनं हलक्या हातानं घासा, कोरड्या ब्रशनं झटका. खटका दोन्ही बाजूंनी बसला पाहिजे. दोन पट्ट्या असतील तर एकेक लावून चालवा. रॅम खराब असली की निळ्या पडद्यावर दर वेळी वेगळं नाव येतं, ही तिची ओळख.

डिस्क

पाच-सात वर्षं जुनी हार्ड डिस्क असेल, ठिपके दहा-दहा मिनिटं फिरत असतील, आतून टकटक येत असेल, तर कोणी काहीही सांगो, आधी डेटा काढा. नेटवर सगळीकडे चेकडिस्क (विंडोजची डिस्क तपासणारी कमांड) चालवा म्हणून सांगतात. मरायला टेकलेल्या डिस्कवर स्लॅश आर लावून चेकडिस्क चालवली तर ती डिस्कचा प्रत्येक सेक्टर वाचायला लावते, आणि कधी कधी तेवढ्यानंच डिस्क जाते. पेनड्राइव्हवरून लिनक्स (विंडोजऐवजी चालणारी दुसरी सिस्टिम) चालू करा, फाइल दुसरीकडे घ्या, मग काय ते प्रयोग करा. साटाची केबलही बदलून पाहा, ती स्वस्त आहे.

उरली विंडोज

इथवर काहीच सापडलं नाही तर विंडोजवर या. सगळ्यात आधी प्रिंटर, स्कॅनर, अंगठ्याचं मशीन, डिजिटल सहीचं टोकन, डोंगल, पेनड्राइव्ह काढून टाका. फक्त कीबोर्ड आणि माउस ठेवून सुरू करा. सेवा केंद्रांच्या मशीनपैकी काही इथंच सुरू होतात. मग एकेक लावत दोषी पकडायचा.

सुरू झाली नाही तर विंडोज १० किंवा ११ मध्ये ठिपके फिरत असताना पॉवरचं बटण दाबून ठेवून मशीन बंद करा. असं दोन-तीनदा झालं की पुढच्या वेळी दुरुस्तीचा निळा पडदा आपोआप येतो. तिथून ट्रबलशूट, ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स, स्टार्टअप सेटिंग्ज, रिस्टार्ट. यादीत ४ म्हणजे सेफ मोड (विंडोज मोजक्याच ड्रायव्हरवर सुरू होते), ५ म्हणजे नेटसकट सेफ मोड, आणि ९ दाबलं की क्रॅश झाल्यावर मशीन आपोआप रिस्टार्ट होत नाही, स्टॉप कोडचा फोटो निवांत काढता येतो. ऑक्टोबर २०२५ च्या एका अपडेटनंतर विंडोज ११ च्या या पडद्यावर यूएसबी कीबोर्ड-माउस चालेनासे झाले होते. मायक्रोसॉफ्टनं त्याच महिन्यात दुरुस्ती काढली, पण नेट नसलेल्या गावात ती पोचली असेलच असं नाही. अडगळीतला गोल पिनाचा, म्हणजे यूएसबी नसलेला, कीबोर्ड फेकू नका.

सेफ मोडमध्ये मशीन धड चालत असेल तर हार्डवेअर बहुतेक ठीक आहे. शेवटी काय टाकलं होतं ते आठवा: अंगठ्याच्या मशीनचा ड्रायव्हर, दुसरा अँटिव्हायरस, फुकट विंडोजचा क्रॅक. ते काढा. अपडेटवर संशय असेल तर ॲडव्हान्स्ड ऑप्शन्समध्येच 'अनइन्स्टॉल अपडेट्स' आहे. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या सुरक्षा सॉफ्टवेअर कंपनीच्या सदोष अपडेटनं जगभरात सुमारे ८५ लाख विंडोज मशीन याच अवस्थेत टाकल्या, विमानतळांपासून दवाखान्यांपर्यंत. उपाय होता सेफ मोडमध्ये जाऊन एक फाइल पुसणं.

शटडाउन केल्यावर बसते पण रिस्टार्टला चालते, असं असेल तर फास्ट स्टार्टअप बंद करा. कंट्रोल पॅनेलच्या पॉवर ऑप्शन्समध्ये, पॉवर बटणं काय करतात त्या पानावर तो पर्याय आहे. त्यात शटडाउन पूर्ण होत नाही, विंडोजचा गाभा डिस्कवर झोपवून ठेवला जातो. लाईनच्या लपंडावात ही झोप मोडते. आपल्याकडे ती सोय बंद असलेलीच बरी, असं माझं मत.

काळा पडदा आणि नुसता बाण असेल तर कंट्रोल, शिफ्ट, एस्केप एकत्र दाबा. टास्क मॅनेजर आला तर 'रन न्यू टास्क'मध्ये एक्सप्लोररचं नाव (explorer.exe) टाका. डेस्कटॉप आला म्हणजे ग्राफिक्सचा ड्रायव्हर किंवा यूजरचं खातं, एवढंच उरतं.

फॉरमॅटच करायचा ठरलं तर डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्सबरोबर विंडोजमधलं फॉन्टचं फोल्डरही कॉपी करा. पंचायतीचे जुने ठराव आणि शाळेचे दाखले कृतिदेव किंवा श्रीलिपीत टाइप केलेले असतात. तो फॉन्ट नसला की फाइल उघडते पण अक्षरं भलतीच दिसतात, आणि मग "डेटा खराब करून दिला" म्हणून भांडण. विंडोज १० ची मुदत १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली आहे, तेव्हा मशीन पेलत असेल तर ११ टाका. आधी बोर्डाचे ड्रायव्हर, मग प्रिंटर, अंगठ्याचं मशीन सगळ्यात शेवटी, आणि प्रत्येकानंतर एक पूर्ण शटडाउन आणि मेन स्विच पाडून पुन्हा चालू. दुकानातून मशीन नेण्याआधी हे माझ्यासमोरच करून घ्या.